गाडीखाली ऑइलचा डाग: ऑइल सील आणि टायमिंग बेल्ट घरी बदलताना

देवगड तालुक्यातल्या आमच्या घराच्या खळ्यात जांभ्याचे चिरे बसवलेले आहेत. जांभा सच्छिद्र. त्यावर पडलेलं ऑइल तो पिऊन टाकतो, मागे उरतो तो काळपट डाग, आणि पावसाळ्यात शेवाळ धरलं की तोही दिसेनासा होतो. माझ्या मारुती ८०० चं ऑइल पुलीच्या (फॅन बेल्टच्या चाकाच्या) बाजूने गळतंय हे म्हणूनच मला कितीतरी महिने कळलं नाही. डिपस्टिकवर पातळी खाली जायची, मी वरून ओतायचो, आणि जुनी गाडी थोडं ऑइल खाणारच असं स्वतःला सांगायचो. शेवटी एका रात्री आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा इंजिनाखाली सरकवला. सकाळी त्यावर रुपयाएवढे तीन थेंब होते, तिन्ही एकाच बाजूला.

त्या तीन थेंबांमागे काय काय असतं आणि ते काम घरी कसं करायचं, ते इथे लिहितो आहे. हप्त्यातून एकदा पाने हातात घेणाऱ्या माणसाला हे काम जमतं, पण त्यात नेमकं काय चाललंय ते आधी समजलं पाहिजे. न समजता हात घातला तर याच कामात इंजिन जातं.

इंजिनात दोन मोठे दांडे फिरतात. खालचा क्रँक, त्याला पिस्टन जोडलेले. वरचा कॅम, तो वाल्व्ह म्हणजे हवा-धूर आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा उघडतो आणि मिटतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन वेढे फिरतो तेव्हा कॅमने बरोबर एक वेढा फिरायचा असतो. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दात असतात. दोघांना बांधून ठेवणारा आतून दात असलेला रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. गाडी ३,००० आरपीएमवर चालली असेल तर क्रँक सेकंदाला ५० वेढे घेतो आणि प्रत्येक वाल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडमीट करतो. ही सगळी लय तो पट्टा सांभाळतो. क्रँकच्या चाकाला समजा २० दात आहेत. पट्टा एक दात जरी सरकला, तरी हिशेब १८ अंशांनी चुकतो. गाडी सुरू होईल, पण दम राहणार नाही, घाटात खोकत चढेल.

आता सील. क्रँकचं टोक इंजिनाच्या भिंतीतून बाहेर येतं, कारण त्यावर पुली बसवायची असते. आत ऑइल, बाहेर कोरडं, आणि मधून फिरणारा लोखंडी दांडा. तिथून ऑइल बाहेर येऊ नये म्हणून भिंतीच्या भोकात एक गोल रबरी कडं ठोकलेलं असतं. बाहेरून पत्र्याची चौकट, आतल्या कडेला रबराचा पातळ ओठ, आणि त्या ओठामागे वळसे दिलेली बारीक गोल स्प्रिंग, जी ओठाला दांड्याशी चिकटवून धरते. हेच ऑइल सील. असंच एक सील वर कॅमच्या टोकालाही असतं. ओठ दांड्यावर कोरडा घासत नाही, ऑइलचा अतिशय पातळ थर मध्ये असतो आणि तोच ओठाला जपतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं, ओठाची लवचीकता जाते, आणि ऑइल वाट काढतं.

बहुतेक जण इथेच फसतात, कारण थेंब लहान दिसतो. महिन्याला पाव लिटर गेलं तर गेलं, ओतू वरून, असं वाटतं. पण हे सील टायमिंग बेल्टच्या अगदी मागे असतं. गळलेलं ऑइल आधी बेल्टवर उडतं आणि मग खाली ठिबकतं. ऑइल लागलं की साध्या टायमिंग बेल्टचं रबर फुगतं, मऊ पडतं, आतल्या दोऱ्यांपासून सुटायला लागतं. (काही नव्या इंजिनांत बेल्ट मुद्दाम ऑइलमध्येच चालवतात, त्याचं रबर वेगळं असतं. आपल्या जुन्या गाड्यांत तसं नाही.) म्हणून खर्च ऑइलचा धरू नका, बेल्टचा धरा. सील गळतंय म्हणजे बेल्टचे दिवस भरत आलेत, मग तो किलोमीटरने कितीही नवा असो.

आणि बेल्ट तुटला तर? क्रँक फिरत राहतो, कॅम जागच्या जागी थांबतो, काही वाल्व्ह उघडेच अडकतात. कित्येक इंजिनांत उघडा वाल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येतात. पिस्टन वाल्व्हवर आपटतो, वाल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं. काही इंजिनांत दोघांत पुरेशी जागा सोडलेली असते आणि गाडी नुसती बंद पडते. आपली गाडी दुसऱ्या प्रकारातली आहे असं कोणी सांगितलं तरी काम करताना ती पहिल्या प्रकारातली आहे असंच धरून चाला. फोंडा घाट उतरताना, मागे ट्रक असताना इंजिन अचानक बंद पडलं तर ब्रेकचा पॅडल दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा होतो. ती पाळी कोणावर येऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

कोकणात या भागांना जरा जास्तच सोसावं लागतं. पहिली गोष्ट खारी हवा. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत उभी राहणारी गाडी घ्या, बेल्टच्या कव्हरचे छोटे बोल्ट हमखास गंजलेले असतात, आणि पाना दोनदा पिळला की डोकं तुटून हातात येतं. दुसरी लाल माती. उन्हाळ्यात तिचा भुगा आणि पावसात चिखल, दोन्ही कव्हरच्या खालच्या फटीतून आत जातात आणि सीलच्या ओठाशी पॉलिश पेपरसारखे घासतात. २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्या लोकांनी धुतल्या, ऑइल बदललं, सीटं वाळवली. पुरात बुडालेली गाडी तुमच्या हाती आली तर बेल्टचं कव्हर उघडून आत बसलेला गाळही काढा. तो वाळला की दातांत दगडासारखा होतो. तिसरी गोष्ट उभ्या गाड्यांची. मुंबईकर गणपतीला आणि मे महिन्यात येतात, एरवी गाडी पडवीला लागून उभी. दांडा फिरत नाही, ओठ एकाच जागी दबून राहतो, ऑइलचा थर ओघळून जातो. त्यात उंदीर काथ्या आणून कव्हरच्या आत बिऱ्हाड करतात. मी स्वतः एका शेजाऱ्याच्या गाडीतून ओंजळभर काथ्या काढला आहे.

चौथं कारण मला उशिरा कळलं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पहिल्यांदा मी पुढचं, म्हणजे पुलीकडचं, सील बदललं तेव्हा सगळं व्यवस्थित केलं होतं. दोन महिन्यांत पुन्हा तेच तीन थेंब. सील नकली निघालं असं म्हणत मी कणकवलीच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते बॉनेट उघडून पहिल्यांदा एक रबरी नळीच उपसायला लागले. म्हणाले, “सील मगे बदल रे. आदी इंजिनाचो श्वास मोकळो आसा काय ता बघ.”

इंजिन चालू असताना पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली उतरतोच. तो साठून दाब वाढू नये म्हणून टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून, एक नळी निघते आणि इनटेककडे (हवा आत घेणाऱ्या वाटेकडे) जाते. बऱ्याच गाड्यांत तिच्या तोंडाशी एक छोटा एकदिशा वाल्व्ह असतो. हाच इंजिनाचा श्वास. आता आपली कोकणातली वापरण्याची रीत बघा: बाजार दोन किलोमीटरवर, शाळा दीडवर, इंजिन पुरतं तापायच्या आत पोचलो. हवेत दमटपणा भरपूर, आत दव धरतं, ते ऑइलमध्ये मिसळून पिवळट-पांढुरकी साय तयार होते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून बोट फिरवलंत की लागेल. तीच साय नळीत जाऊन बसते. श्वास कोंडला की दाब वाढतो, आणि दाब सगळ्यात दुबळी वाट शोधतो, म्हणजे सीलचा ओठ. माझी नळी करंगळी जाणार नाही इतकी भरली होती. ती डिझेलने धुतली, वाल्व्ह नवा घातला, पुन्हा सील बदललं. त्यानंतर पुठ्ठा कोरडा आहे. सील विकत घ्यायच्या आधी ती नळी काढून फुंकून बघा.

दुसरी तपासणीही तितकीच गरजेची. ऑइल वरून खाली येतं आणि वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे जिथे ठिबकतं तिथूनच गळतंय असं नसतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं तरी ओघळ पुलीपाशीच दिसतो, आणि ते बदलणं अर्ध्या तासाचं काम. इंजिन थंड असताना ती बाजू पुसून लख्ख करा, सुकू द्या, वर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि टॉर्च मारा. पांढऱ्या पावडरवर ओली रेघ वरून उतरते की कव्हरच्या मागून, ते स्पष्ट दिसतं.

घरी करण्याजोगं काम कोणतं ते आधीच सांगतो. पुढचं क्रँक सील, कॅम सील, बेल्ट आणि त्याचा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक), एवढं जमतं. मागचं क्रँक सील गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसतही नाही, ते गॅरेजला द्या. ज्या गाडीत बेल्टऐवजी चेन आहे तिथेही माझा सल्ला हाच. स्विफ्ट, व्हिस्टा अशा कित्येक गाड्यांतलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन चेनवालं आहे, त्याचं पुढचं झाकण उघडणं हे खळ्यातलं काम नव्हे.

सामान घेताना जुनं सील काढून दुकानात न्यायची गरज नाही. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चॅसी नंबर पुरतो, तरी सीलच्या तोंडावर छापलेले तीन आकडे बघून घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. बेल्ट घ्याल तेव्हा टेन्शनरची बेअरिंगही घ्याच. हातात धरून फिरवल्यावर खरखरली किंवा नुसतीच सुळसुळ फिरत राहिली, आतलं ग्रीस संपल्यासारखी, तर ती गेली. काही गाड्यांत वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो, तिथे तोही आताच बदलावा, नाहीतर वर्षभरात त्याच्यासाठी पुन्हा हेच सगळं उघडाल. बेल्ट मुडपून खिशात घालू नका, उलटा वाकवू नका. आतले दोरे तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही.

आता जागा. सपाट, टणक जमीन हवी. आणि एक विनंती: चिऱ्यावर गाडी तोलू नका. आमच्याकडे हाताशी चिरा असतो, मजबूत दिसतो, भिंती त्याच्याच, म्हणून जॅक काढून चिरा सरकवायची सवय आहे. जांभा सगळीकडून सारखा दाब आला तर सोसतो, एका कोपऱ्यावर वजन आलं की कचकन फुटतो, न सांगता. लोखंडी घोडी (जॅक स्टँड) आणा, दोन. चिरा फार तर मागच्या चाकाला अटकाव म्हणून लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सुरुवातीलाच काढा. इंजिन रात्रभर थंड झालेलं असू द्या. ऑइल काढायची गरज सहसा पडत नाही, इंजिन बंद असताना ते क्रँकच्या खाली असतं, चमचा-दोन चमचे सांडेल तेवढंच.

गंजलेल्या बोल्टांना आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. काढलेले बोल्ट मी करवंट्यांत ठेवतो, प्रत्येक करवंटीखाली कागदाचा तुकडा: वरचं कव्हर, खालचं कव्हर, टेन्शनर. लांबी सारखी वाटणारे बोल्ट पाच मिलिमीटरने वेगळे असतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला की आतलं ॲल्युमिनियम फुटतं.

क्रमाने जाऊ. चाक काढा, फॅन बेल्ट सोडा. क्रँकच्या टोकाचा मधला मोठा बोल्ट सगळ्यात हट्टी. गाडी वरच्या गिअरमध्ये टाका, घोड्या पक्क्या आहेत हे दोनदा बघा, घरातल्या एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा, आणि लांब दांडीचा गोटी पाना लावून तो नुसता सैल करा. पाना अडकवून स्टार्टर मारायची युक्ती ऐकली असेल, ती करू नका. पाना हातातून सुटला तर तो हाड मोडतो. बोल्ट सैल झाला की गिअर न्यूट्रलला घ्या आणि बोल्ट हाताने परत बसवा, कारण क्रँक फिरवायला तो लागणार आहे. स्पार्क प्लग काढा, म्हणजे क्रँक हलका फिरतो.

या कामाचा गाभा आता येतो. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी, म्हणजे त्याचे वाल्व्ह मिटलेले असताना, सगळ्यात वर आणायचा. बहुतेक इंजिनं पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, त्याच दिशेने पान्याने हळूहळू फिरवा. पुली आणि कव्हर काढलंत की क्रँकच्या चाकावर एक खूण आणि मागच्या भिंतीवर एक खूण दिसेल, तसंच कॅमच्या चाकावर आणि त्याच्या मागे. दोन्ही जोड्या एकाच वेळी समोरासमोर आल्या पाहिजेत. क्रँकची जुळली आणि कॅमची उलट्या बाजूला असेल तर क्रँक आणखी एक पूर्ण वेढा फिरवा. खुणा पुसून त्यांवर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, मोबाईलवर सरळ समोरून फोटो काढा. तिरका फोटो एका दाताने फसवतो. मग टेन्शनर ढिला करा, बेल्ट उतरवा. काही गाड्यांत त्याआधी इंजिनाचं पुलीकडचं माउंटिंग काढावं लागतं, तेव्हा संपखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली) फळी ठेवून जॅकने इंजिनाला आधार द्या. बेल्ट निघाल्यावर क्रँक किंवा कॅम, दोन्ही चुकूनही फिरवू नका.

मोठा बोल्ट पूर्ण काढून क्रँकचं चाक बाहेर ओढा. दांड्याच्या खाचेत बसलेली छोटी चावी (चाक दांड्यावर घसरू न देणारा लोखंडी तुकडा) पडून हरवते, ती आधी करवंटीत टाका. आता सील समोर आहे. माझं जुनं सील निघालं तेव्हा मी त्याच्या ओठावर नख दाबलं. नव्या सीलचा ओठ कानाच्या पाळीसारखा दबतो आणि परत येतो. जुना दबलाच नाही, नखाखाली त्याला बारीक चीर गेली. ते काढताना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टीचे दोन वेढे द्या आणि टोक सीलच्या कडेत घाला, दांड्याला टेकवू नका. दांड्यावर एक ओरखडा पडला तर तिथून नवं सीलही गळेल. भोक आणि दांडा कापडाने पुसा. मग दांड्यावरून नख आडवं फिरवा. जुन्या ओठाने घासलेली बारीक खाच लागली तर घाबरू नका, नवं सील मिलिमीटरभर कमी-जास्त खोल बसवलं की ओठाला कोरी जागा मिळते. मात्र पुढे ते चाकाला घासणार नाही हे बघा. खाच खोल असेल तर थांबा आणि अनुभवी माणसाला दाखवा.

नवं सील स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. ओठाला स्वच्छ इंजिन ऑइल बोटाने लावा, कोरडं बसवलेलं सील पहिल्याच मिनिटात करपतं. सीलच्या बाहेरच्या कडेएवढी गोटी किंवा पाइपचा सरळ कापलेला तुकडा टेकवा आणि हलक्या हाताने, सगळीकडून सारखं ठोका. ठोके वाजायला लागले की सील टेकलं. कॅमचं सील याच पद्धतीने, फक्त कॅमचं चाक सोडवताना कॅम फिरू न देणं हे तिथलं खरं काम.

चावी, चाक, बोल्ट परत. खुणा पुन्हा पाहा. बेल्ट चढवताना ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू आधी ताठ करा आणि मग टेन्शनरच्या बाजूला या, म्हणजे सगळी ढील तिकडे जमते. टेन्शनरची स्प्रिंग सोडा, तिला बेल्ट ताणू द्या, बोल्ट अजून पक्का करू नका. आता क्रँक हाताने दोन पूर्ण वेढे फिरवा, घाई न करता. मध्ये कुठे कडक अडलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका: ते पिस्टन-वाल्व्ह टेकल्याचं लक्षण असू शकतं. दोन वेढ्यांनंतर चारही खुणा पुन्हा समोरासमोर आल्या तरच टेन्शनर पक्का करा. एका दाताचा फरक दिसला तर बेल्ट उतरवून पुन्हा लावा. मी तिसऱ्या खेपेला बरोबर आलो होतो, आणि त्या दोन खेपांचा मला आजही पश्चात्ताप नाही. सगळे बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यांनुसार टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा, अंदाजाने नाही, विशेषतः क्रँकचा मोठा बोल्ट. तो सैल राहिला की चाक डुलतं, चावीची खाच रुंदावते, आणि क्रँकच निकामी होतो.

पुसलेल्या चिंध्या आणि सांडलेलं ऑइल विहिरीच्या किंवा व्हाळाच्या (ओढ्याच्या) बाजूला टाकू नका. पावसात ते थेट पाण्यात उतरतं. डब्यात भरून गॅरेजला द्या, ते पुढे विकतात.

गाडी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं जागेवर चालू द्या आणि कान द्या. शिटीसारखा बारीक आवाज म्हणजे बेल्ट फार ताठ, कव्हरच्या आत फटफट म्हणजे ढिला. संध्याकाळी पुठ्ठा खाली घाला, आठवडाभर रोज. ५०० किलोमीटरनंतर वरचं कव्हर उघडून बेल्ट एकदा कोरडा असल्याची खात्री करा. साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या मध्ये कुठेतरी, मॅन्युअल सांगेल तिथे, बेल्ट पुन्हा बदलायचा असतो. उभ्या राहणाऱ्या गाडीला किलोमीटरपेक्षा वर्षं मोजा. मी कव्हरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेंटने तारीख आणि मीटरचा आकडा लिहिला आहे, पुढच्या वेळी ते कव्हर जो कोणी उघडेल त्याच्यासाठी.